एकच छेद, मग दोन मुळं गेली कुठे?

प्रश्न : सर, नमस्कार. मी अकरावीत आहे. क्ष³ − ७क्ष² + १९क्ष − १३ या बहुपदीला तीन मुळं असतात असं वर्गात शिकवलं. मी ग्राफपेपरवर आलेख काढला, कागद सोबत पाठवते आहे. वक्र क्ष-अक्षाला फक्त १ पाशी छेदतो. उरलेली दोन मुळं ‘काल्पनिक’ आहेत, ती आलेखात नसतात, एवढं सांगून पुढचा धडा सुरू झाला. जी कुठेच नाहीत ती मोजायची तरी कशाला?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुझा कागद दोन दिवस माझ्या टेबलावर आहे. बिंदू अगदी अचूक घेतलेस : ० ला −१३, २ ला ५, ३ ला ८, ४ ला १५. आणि खरं सांगू? ती दोन मुळं याच कागदावरून तुला पट्टीने काढता येतील.

पट्टीची कड (१, ०) वर आडवी ठेव. तो बिंदू न सोडता उजवं टोक हळूहळू वर ने. आधी ती वक्राला दुसरीकडे कुठेच भेटत नाही. मग एका जागी नुसती टेकते, (३, ८) पाशी. ही स्पर्शिका. तिचा चढ ८ भागिले २, म्हणजे ४. (चढ अक्षांवरचे आकडे वाचूनच काढ. तू दोन्ही अक्षांना वेगवेगळं प्रमाण घेतलं आहेस, त्यामुळे कोनमापकाने मोजलास तर चुकेल.) स्पर्श झाला ३ पाशी, चढाचं वर्गमूळ २. तुझी मुळं ३ + २√(−१) आणि ३ − २√(−१), अनुबद्ध जोडी.

हे का जमतं? १ घेऊन संश्लेषक भागाकार कर. क्ष² − ६क्ष + १३ उरतं, म्हणजेच (क्ष − ३)² + ४. वक्रावरचा दुसरा कुठलाही बिंदू (१, ०) ला जोड, त्या रेषेचा चढ नेमका एवढाच येतो. तो ४ च्या खाली जात नाही, आणि ४ होतो तो फक्त ३ पाशी. आणि उरलेली मुळं म्हणजे (क्ष − ३)² + ४ = ० ची उत्तरं : (क्ष − ३)² = −४, म्हणून क्ष = ३ ± २√(−१).

आता ‘कुठे गेली’ ते बघ. (क्ष − १) तसाच ठेव आणि क्ष² − ६क्ष + १३ मधल्या १३ च्या जागी ८ घे : मुळं २ आणि ४, दोन्ही अक्षावर. ९ घेतलेस की दोन्ही ३ पाशी एकत्र येतात, वक्र अक्षाला टेकून परततो. १० केलेस की ३ ± √(−१). मुळं नाहीशी झाली नाहीत; ती अक्ष सोडून त्याच्याशी काटकोनातल्या वाटेला लागली. क्ष-अक्षावर फक्त वास्तव संख्या मावतात, ३ + २√(−१) सारख्या संमिश्र संख्यांना अख्खं प्रतल लागतं.

तुझी शंका जुनी आहे. ऋण संख्या कुणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असं भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त म्हटलं आहे. वास्तव संख्यांपुरतं ते आजही खरं आहे. पण १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इटलीच्या राफाएल बोम्बेल्लीने क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घेतलं. त्याची मुळं ४ आणि −२ ± √३, तिन्ही वास्तव, वक्र अक्षाला तीनदा छेदतो. तरी त्रिघाती समीकरणाच्या सूत्रात √(−१२१) येतं. बोम्बेल्लीने दाखवलं की २ + √(−१२१) चं घनमूळ २ + √(−१), आणि २ − √(−१२१) चं २ − √(−१). बेरीज केली की ४. ‘काल्पनिक’ हा शब्द मला म्हणूनच कधी आवडला नाही. त्या शब्दामुळे मुलं प्रश्न विचारायचीच थांबतात. तू विचारलास, बरं वाटलं.

आता क्ष³ − क्ष − ६ चा आलेख काढ. पट्टी (२, ०) वर ठेव, पण या वेळी स्पर्श डावीकडे शोध. चढाचं वर्गमूळ पूर्ण संख्येत येणार नाही, घाबरू नकोस. कागद पाठव, मी वाट बघतो.