चार डझनी म्हणजे लहान की मोठा?

"मॅडम, मला चित्र काढता येत नाही. तरी इंटरॲक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. जमेल का?" करिअरचा सल्ला देताना हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. (इंटरॲक्शन डिझाइन म्हणजे ॲप, वेबसाइट, फॉर्म लोकांना सहज वापरता येतील असे घडवणं; एम.डेस. ही डिझाइनमधली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी.) यंदा हा प्रश्न घेऊन आला देवगडजवळचा सुहास (नाव बदललंय). वय २६, बी.एस्सी. आयटी, घरची हापूसची बाग. सोबत वडील, त्यांचा घोर वेगळाच: "दोन वर्सां घालवन ह्यो करतलो काय, चित्रां काढतलो?"

मी सवयीनं अभिक्षमता चाचणीचा कागद पुढे केला. चुकलंच माझं. आकृत्या फिरवायचे प्रश्न बघून पोरगा आणखी खचला. मग कागद बाजूला सारून विचारलं, हंगामात घरी तू काय करतोस?

त्यानं आंब्याच्या मागणीसाठी एक ऑनलाइन फॉर्म केला होता. पर्याय तीन: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी. तरी फोन यायचेच, "चार डझनी म्हणजे लहान आंबे ना?" आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पेटी तेवढीच, डझन कमी म्हणजे फळ मोठं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला कसं कळावं? सुहासनं हे सगळे फोन वहीत टिपले होते. का, ते त्यालाच सांगता येईना. 'रविवारी पूजा आहे.' 'आजोबांना रसाला.' 'साहेबांना भेट द्यायची.' 'भाऊ दहा तारखेला येतोय.'

ती वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून मी वडिलांना गठ्ठे करायला सांगितले. त्यांनी फळाच्या आकारावर लावले: रसाला लहान, भेटीला मोठं. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी त्याच चिठ्ठ्या तारखांवर लावल्या. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, इन्फर्मेशन आर्किटेक्चर, म्हणजे वापरणाऱ्याला सापडेल अशी माहितीची मांडणी, शिकवताना हे करून घेतात. वडील बराच वेळ दोन्ही गठ्ठ्यांकडे बघत राहिले. "म्हंजे आंबो कधी खावचो, ताच इचारतत लोक."

चित्राच्या बाबतीत मात्र मी सुहासला गोड बोलले नाही. एम.डेस.च्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेते त्या सीड (CEED) परीक्षेचा पहिला भाग संगणकावर असतो, दुसऱ्यात हातानं काढावंच लागतं. पण तिथे चित्रकार शोधत नाहीत. मनातलं समोरच्याला कळेल इतपत रेघ हवी, आणि ती रोजच्या सरावानं येते. वयाची अट नाही, परीक्षा कितीही वेळा देता येते. नोकरीची हमी मी दिली नाही, कोणी देत असेल तर सावध राहा असंच वडिलांना सांगितलं. कर्जाचा विचार परीक्षेच्या निकालानंतर. तोवर रोज एक पान, आणि तो फॉर्म दुरुस्त करायचा.

फॉर्मचा पहिला प्रश्न आता 'आंबे कधी खायचे आहेत?' असा आहे. परवा त्यानं सरावाचं पान पाठवलं. पेटी जराशी खाटेसारखी दिसते, पण पेंढा कुठला नि आंबा कुठला, ते बघताक्षणी कळतं.