पावसाळ्यात मऊ पडलेला निवडुंग
आपल्या निवडुंगाचा बुंधा तळाशी तपकिरी व मऊ झाला असेल, तर तो तहानलेला नसून कुजतो आहे, म्हणून आणखी पाणी घालण्याचा मोह कृपया टाळावा. रोप आजच कुंडीतून काढावे, स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने आतला गर पूर्णपणे डागरहित दिसेपर्यंत कुजका भाग कापत जावा आणि उरलेला शेंडा सावलीत, हवेशीर जागी, कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरेपर्यंत, किमान आठ-दहा दिवस तसाच ठेवावा. नवशिक्यांची घाई नेमकी इथेच होते, आणि वाचू शकणारे रोप हातचे जाते. मग तो निम्मी जाडसर वाळू मिसळलेल्या मातीत लावावा. कोकणासारख्या दमट हवेत मला प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी अधिक भरवशाची वाटते. बुंधा घट्ट, माती पूर्ण कोरडी आणि वरचे खोड सुरकुतलेले असेल, तरच पाणी द्यावे.