'चहाचा मळा', 'चहाबाग' की 'चहागृहाचे अंगण'?

जपानमध्ये ज्या बागेतून चालत जाऊन पाहुणे चहाच्या विधीसाठी चहागृहापर्यंत पोहोचतात, त्या बागेला मराठीत 'चहाचा मळा' म्हणावे का, आणि तो शब्द योग्य नसल्यास दुसरा कोणता वापरावा, अशी पृच्छा आहे.

'मळा' येथे मुळीच चालणार नाही. मळा म्हटला की लागवड आली. चहाचे मळे आसामात आणि मुन्नारला आहेत, तसे जपानमध्ये उजी आणि शिझुओका येथे आहेत, आणि त्यांना जपानी भाषेत 'चाबाताके' किंवा 'चाएन' असे स्वतंत्र शब्द आहेत. भारतीय इंग्रजीत 'टी गार्डन' म्हणजे चहाचा मळाच. जपानविषयीच्या लेखनात मात्र तोच इंग्रजी शब्द चहागृहालगतच्या बागेसाठी रूढ आहे, आणि घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. 'चहाबाग' हा शब्दही त्याच कारणाने संदिग्ध राहतो.

या बागेला जपानीत 'चानिवा' म्हणतात, परंतु चहाच्या परंपरेतील माणसांचा खास शब्द 'रोजी' हा आहे. चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या काळात साध्या, लहान चहागृहाची कल्पना परिपक्व झाली आणि तिच्याबरोबर ही बागही घडत गेली. तिचे बाहेरचा आणि आतला असे दोन भाग करून मध्ये एक साधे दार ठेवतात. पाहुणे बाकावर बसून यजमानाची वाट पाहतात, अंतराअंतरावर बसवलेल्या दगडांवरून पुढे जातात आणि 'त्सुकुबाई' नावाच्या ठेंगण्या दगडी कुंडापाशी वाकून हात धुतात व चूळ भरतात. जी वाट त्या दिवशी बंद असेल, तिच्यावर काळ्या दोरीने बांधलेला एक दगड ठेवलेला असतो, आणि तेवढी खूण पुरेशी होते. शेवाळ आणि सदाहरित झाडे येथे हवीत, पण भडक फुले टाळतात, कारण फूल पाहायचे ते आत, यजमानाने मांडलेले. विधीच्या मध्यंतरात पाहुणे पुन्हा याच बागेत येऊन थांबतात, म्हणजे ती विधीचाच भाग आहे.

'रोजी' हा शब्द प्रारंभी 'वाट' या अर्थाच्या लिपिचिन्हांनी लिहीत. पुढे त्याच उच्चाराची 'दवाची भूमी' अशा अर्थाची चिन्हे रूढ झाली. ही दुसरी चिन्हे बौद्ध परंपरेतून आली. सद्धर्मपुंडरीक सूत्रातील दृष्टान्तात जळत्या घरातून सुखरूप बाहेर पडलेली मुले मोकळ्या जागेत बसतात, आणि कुमारजीव या बौद्ध भिक्षूने केलेल्या चिनी भाषांतरात त्या जागेसाठी हीच चिन्हे आहेत. एका संस्कृत सूत्राचा धागा असा क्योतोच्या बागेपर्यंत पोहोचावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

मग मराठीतही 'रोजी'च का लिहू नये? अडचण खरी आहे: 'दिनांक ५ रोजी' आणि 'रोजीरोटी' यांमुळे वाचक अडखळतो. म्हणून प्रथम उल्लेखात 'चहागृहाचे अंगण (रोजी)' असे लिहावे आणि पुढे नुसते 'अंगण' म्हणावे. अंगण ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही आणि ते उघड्या आभाळाखाली असते, हे दोन्ही अर्थ या शब्दात आपोआप येतात.

याच ओघात, 'चहा समारंभ' ऐवजी 'चहाविधी' म्हणणे मला अधिक योग्य वाटते. समारंभाला गर्दी आणि गजबज लागते. येथे बहुधा चार-पाचच पाहुणे असतात, आणि भोजन, घट्ट माचा (हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा) व पातळ माचा असा पूर्ण विधी सुमारे चार तास चालतो. 'चहापान' हा शब्द तर आपल्याकडे अधिवेशनाच्या पूर्वसंध्येच्या राजकीय बातम्यांना इतका चिकटला आहे की तो टाळलेला बरा.

पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. त्याला 'चहागृहाचे अंगण' म्हणू नये, कारण कोराकुएन ही फिरत फिरत पाहण्याची विस्तीर्ण बाग आहे. मात्र मूळ कोराकुएनच्या आवारात चहाची प्रत्यक्ष लागवड आहे, आणि तेवढ्या भागाला 'चहाचा मळा' म्हणणे अगदी बरोबर ठरेल.