गावातल्या वाचनालयासाठी स्वयंसेवकांनी निधी कसा जमवावा?

आधी कशासाठी पैसे हवेत ते ठरवा. ‘वाचनालयाला मदत करा’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. ‘बालविभागासाठी एक लोखंडी कपाट, हे त्याचं दरपत्रक’ म्हटलं की खिशात हात जातो.

पैसे संस्थेच्याच खात्यात घ्या, कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नको. वाद नेमका तिथेच सुरू होतो. पावतीपुस्तकावर छापील क्रमांक हवेत, आणि कोणतं पावतीपुस्तक कुणाकडे दिलं याची सही घ्या. संस्थेच्या देणग्यांना करसवलत मान्य असली, तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास देणगीदाराला ती मिळत नाही. त्याला चेक द्यायला सांगा.

जुन्या पुस्तकांचं आवाहन जपून करा. नाहीतर बाद झालेली क्रमिक पुस्तकं आणि गाईडं येऊन पडतात. वाळवी किंवा कसर लागलेला एक गठ्ठा अख्खं कपाट खराब करतो, म्हणून आलेली पुस्तकं वेगळ्या खोलीत उघडून, झटकून, पानं चाळूनच दाखल नोंदवहीत चढवा. नको असलेली पुस्तकं रद्दीत विकू, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

वाचनालय शासनमान्य असेल तर अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवा, लेखापरीक्षणात सोपं जातं.