बाल्कनीची खोली घ्यावी का?

पहिलीच क्रूझ, दोन लहान मुलं आणि मुंबई-गोवा दोन रात्री? मग बाल्कनी सोडा, सरळच सांगतो. जेवण, कार्यक्रम, स्विमिंग पूल यातच मुलं रमतात. खोलीत यायचं ते फक्त झोपायला. लक्षद्वीपपर्यंतची फेरी असेल, एखादा अख्खा दिवस समुद्रातच जाणार असेल, तर मात्र विचार करा. आम्ही तेव्हा घेतली होती. मुलं झोपली की दार लोटून आम्ही दोघं बाहेर, हातात चहा, खाली काळं पाणी आणि फेसाची पांढरी रेघ. पैसे तिथेच वसूल झाले.

नवखे चुकतात ते इथे:

- भाव दोघांचा बघतात. चौघांचा काढा, कर आणि बंदराचं शुल्क धरून.
- सगळ्यात वरची, टोकाची खोली घेतात. हेलकावे तिथेच जास्त. कुणाला गाडी लागत असेल तर खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग.
- डेकचा नकाशा बघत नाहीत, मग खिडकीसमोर लाइफबोट निघते.

मूल चढाचढी करणारं असेल तर बाल्कनीतली खुर्ची कठड्याला लावून ठेवू नका, दाराची कडी रोज रात्री बघा.

आजी-आजोबा सोबत आहेत? मग बाल्कनी त्यांना द्या, तुम्ही मुलांना घेऊन समोरच्या बिनखिडकीच्या खोलीत. तिथे मिट्ट काळोख असतो; आमची पोरं नऊ वाजले तरी उठली नव्हती.