लेकीला शिक्षकांची शिक्षक व्हायचंय

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नोकरी कायम आहे. आता प्रदेशभरातल्या शंभरेक लहान शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका प्रकल्पात जायचं म्हणते. करार तीन वर्षांचाच. हातातला वर्ग सोडून हे कसलं करिअर? तुम्हीच तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नमस्कार. समजूत तिची घालायची की तुमची, हे पत्र वाचून मला नक्की ठरवता आलं नाही. तेव्हा आधी तुमच्याशी बोलते.

सेवांतर्गत प्रशिक्षण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सभागृह येत असणार : दोनशे खुर्च्या, पडद्यावर सरकणारा मजकूर, जेवणाच्या सुट्टीनंतर पेंगणारी मंडळी आणि शेवटी प्रमाणपत्र. मीही उमेदवारीत अशी प्रशिक्षणं घेतली आहेत. त्यातून कुणाच्या वर्गात काही बदललं असेल असं मला वाटत नाही. मुलीला हेच करायचं असेल, तर तुमची काळजी रास्त आहे.

पण या कामाची दुसरी एक तऱ्हा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून लहान मुलांच्या वाचनावर एक प्रयोग झाला. दोन गटांतल्या शिक्षकांना पाठांची टाचणं आणि पुस्तकं सारखीच दिली. एका गटाला कार्यशाळेला बोलावलं. दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक स्वतः जाऊन बसले. दोन वर्षांनी पाहिलं, तर दुसऱ्या गटातल्या मुलांची प्रगती जवळपास दुप्पट होती. पुढे दुसऱ्या एका प्रांतात टॅबलेट आणि फोनवरून मार्गदर्शन करून पाहिलं. तीन वर्षांनी तिथेही वर्गात जाणारे मार्गदर्शकच सरस ठरले. दूरचा शिक्षक स्क्रीनवर सहज सापडतो. पण त्याच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा स्क्रीनवर दिसत नाही.

मग सगळीकडे असंच का करत नाहीत? मॅथ्यू क्राफ्ट हे शिक्षण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, पण प्रकल्प मोठा झाला की परिणाम उतरतो, हेही दिसलं. माझ्या मते याचं मोठं कारण माणसांचा तुटवडा हे आहे. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून, त्याचा अपमान न करता त्याला नेमकं सांगता येणारी माणसं फार थोडी. तुम्ही विचारता ते करिअर या तुटवड्यातच आहे.

आता मुलीसाठी. शंभर शाळा किती जणांत वाटल्या आहेत, हे आधी विचार. एकाच वर्गात सत्रात किती वेळा जायचं, तेही विचार. वर्षातून एकदा डोकावण्याला तपासणी म्हणतात. आणि शिक्षकांच्या कामाचा शेरा तूच लिहायचा आहे का? तसं असेल तर कुणीही आपला अडलेला पाठ तुला दाखवणार नाही, ठेवणीतलाच पाठ पाहायला मिळेल.

जपानी शाळांत शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर चर्चा पाठाची होते, व्यक्तीची नाही. कोलंबियात १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ (म्हणजे ‘नवी शाळा’) ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली, तीत जवळपासच्या शाळांचे शिक्षक नियमित जमून एकमेकांकडून शिकतात. शंभर शाळांना एकटीने पुरे पडता येत नाही. असे गट उभे करता आले, तरच तू नसतानाही काम चालू राहील.

आणि हो, पंचवीस वर्षं खडू झिजवलेले कुणी सर तुला पहिल्याच दिवशी विचारतील, ‘तुम्ही किती वर्षं शिकवलंत?’ वाद घालू नकोस. त्यांचाच वर्ग माग, एक पाठ घे आणि त्यांना मागे बसून पाहू दे.

वडिलांनो, पैसा संपला की प्रकल्प गुंडाळतात, ही भीती खरी आहे. म्हणून राजीनाम्याआधी शाळेत बिनपगारी रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळते का, हे तिने लेखी विचारावं. दरम्यान शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी दूरस्थपणे करता आली तर उत्तम. पुढे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं किंवा शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाची वाट त्यामुळे सोपी होते. काहीच जमलं नाही आणि ती परत वर्गात गेली, तरी शेकडो पाठ पाहून आलेली शिक्षिका कुठल्याही शाळेला हवीच असते.

सही करण्याआधी तिने त्या प्रकल्पातल्या एखाद्या मार्गदर्शकाबरोबर एक दिवस फिरावं. वर्गात किती वेळ गेला आणि फॉर्म भरण्यात किती, ते घड्याळ लावून मोजावं. फॉर्मांचं पारडं जड निघालं तर मला पुन्हा लिहा. मग मी तुमच्या बाजूने तिच्याशी भांडेन.