पी०५४६ कोड आला म्हणजे एक्झॉस्टचा टेम्परेचर सेन्सर गेलाच का?

तुम्ही लिहिलंय की गाडी बीएस ६ डिझेल, चेक इंजिनचा दिवा पेटलाय, स्कॅनरवर पी०५४६ आणि गॅरेजवाला म्हणतो सेन्सर बदला. जरा थांबा, लगेच ऑर्डर देऊ नका. मी काही मेकॅनिक नाही, पण ह्याच कोडने मला चवथीच्या तोंडावर असा नाचवलाय म्हणून सांगू, गोव्यात साखळी ते वेर्णा रोजचं जाणं-येणं आणि गाडी ओढायलाच तयार नाही.

आधी एक, ह्या कोडचं नाव 'एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर सेन्सर सर्किट हाय', पण त्यातलं 'हाय' म्हणजे सायलेन्सर जास्त तापलाय असं नव्हे, व्होल्टेज हाय. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरच्या वायरीवर ५ व्होल्ट देऊन ठेवतो आणि सेन्सरचा रेझिस्टन्स ते किती खाली ओढतो त्यावरून तापमान काढतो, मग मध्येच कुठे सर्किट तुटलं की व्होल्टेज वरच राहतं. म्हणजे बहुतेक काहीतरी तुटलंय, पण सेन्सरच्या आत, वायरीत की कनेक्टरमध्ये ते कोडला कळत नाही.

फुकटातली टेस्ट सकाळची. गाडी रात्रभर उभी ठेवा, इग्निशन ऑन करा, स्टार्ट करू नका, आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कूलंट, इनटेक एअर आणि एक्झॉस्टचे सगळे सेन्सर बघा. सगळे बाहेरच्या हवेच्या आसपासच हवेत, आपल्याकडे पावसात २६-२७ धरा. थंड गाडीत एकटाच हजाराच्या घरात आकडा दाखवत असेल (एनटीसी, म्हणजे तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणाऱ्या काही सेन्सरमध्ये उलट, एकदम थंड) तर सर्किट कुठेतरी तुटलंय.

मग कनेक्टर काढा आणि मल्टिमीटर लावा. पीटी२०० जातीचा (प्लॅटिनमचा, तापला की रेझिस्टन्स वाढणारा) सेन्सर असेल तर ० डिग्रीला २०० ओहम, म्हणजे आपल्या हवेत २२० च्या आसपास यायला हवा. ओहमच येत नसेल तर सेन्सर गेला, विषय संपला. २२० आला तर सेन्सर सोडा आणि गाडीकडच्या बाजूला एका पिनवर ५ व्होल्ट येतात का ते बघा. ते येत असतील तर दोन पिना वायरीने जोडा, आकडा दुसऱ्या टोकाला उडी मारेल आणि कोड पी०५४५ (तोच, पण व्होल्टेज लो) होईल. तसं झालं तर ईसीयू आणि वायरिंग ठीक. हे फक्त साध्या दोन वायरींच्या सेन्सरला हं, काही गाड्यांत तीन-चार प्रोब एका डबीला जोडलेले असतात, तिथे असली कारागिरी करू नका.

माझ्यात काय निघालं? गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, चार दिवस बरं चाललं आणि चोर्ला घाटात धो धो पाऊस लागला त्या संध्याकाळी दिवा परत. मग शेजारच्या इलेक्ट्रिशियन पोराने कनेक्टर उघडला तर मागचा रबरी सील गायब आणि एका पिनेवर हिरवी पूड, नखाने खरवडली तर पिनच तुटून हातात आली. जुना सेन्सर मोजला, २२१ ओहम! धडधाकट होता बिचारा. आपल्या खाऱ्या दमट हवेत हे असंच व्हायचं. पीटी२०० मध्ये एक ओहम म्हणजे जवळपास सव्वा डिग्री, त्यामुळे वायर कापून इन्सुलेशन टेपचा जोड मारून दिला तरी आकडा हळूहळू चुकायला लागतो.

कनेक्टर ठीक दिसला तर इंजिन चालू ठेवून वायर हलवत लाइव्ह डेटा बघा, हीट शील्डला घासते तिथे खास. हात भाजेल, लाकडी दांडा वापरा. उंदरांचंही बघा, आमच्या वाड्यावर दोन गाड्यांची वायर त्यांनीच खाल्लीय.

आणि सेन्सर खरंच बदलायचा ठरला तर नट गंजलेला असणार, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, नाहीतर सेन्सर तुटून आटे आतच राहतात आणि मग मोठं काम. पण दिवा पेटलेला ठेवून महिनाभर फिरू नका, तापमान कळलं नाही तर डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी जाळून तो साफ करायचं काम गाडी करत नाही आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये काजळी साठतच जाते. सकाळचा आकडा किती आला तो इथे टाका, बघूया.